ध्रुवाच्या खाली एक मूठ

जून २०२४. शाळा उघडून आठवडा झाला होता. घरच्या पेरण्या आटोपून मुलं एकेक करून परतत होती. मी तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो. त्या दिवशी सातवीच्या वर्गात एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. वहीच्या मागच्या पानावर तिनं लाल आणि जांभळ्या स्केचपेननं आकाश रंगवलं होतं, खाली काळे डोंगर. सुट्टीत दादाच्या मोबाइलवर तिनं लडाखचा फोटो पाहिला होता. दादा वापीला कंपनीत कामाला आहे.

"सर, हे आपल्याकडून कधी दिसेल?"

मी हजेरी लिहीत होतो. वर न बघताच म्हणालो, "आपल्याकडून नाही दिसत."

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. ती वही मिटून जागेवर जाऊन बसली.

तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. ध्रुवीय प्रकाश ध्रुवांजवळ दिसतो, तलासरी विषुववृत्तापासून वीस अंशांवर आहे, विषय संपला. खटकलं ते रात्री, अंथरुणावर पडल्यावर. हे वाक्य आमच्याकडे फार ऐकायला मिळतं. अमुक आजाराचा डॉक्टर? आपल्याकडे नाही, सिल्वासाला जा, वलसाडला जा. अमुक कोर्स? आपल्याकडे नाही, मुंबईला जा. मीही इथलाच. लहानपणापासून हे ऐकत आलोय. आणि आज तेच मी एका बारा वर्षांच्या मुलीला ऐकवलं होतं, तेही काही न तपासता.

म्हणून शोधायला बसलो. उद्या पुन्हा "नाही"च सांगायचं असेल तर निदान का नाही ते सांगता यावं, एवढाच हेतू होता.

आधी लडाखचं बघितलं. १० मे २०२४च्या रात्री सूर्याकडून निघालेले भारित कणांचे अनेक ढग एकामागोमाग एक पृथ्वीवर येऊन आदळले. हानले इथं, साडेचार हजार मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिथल्या कॅमेऱ्यांनी लाल झालेलं आकाश टिपलं. हानले साधारण तेहतीस अंश उत्तरेला आहे. त्या रात्री अमेरिकेत फ्लोरिडातून आणि मेक्सिकोतूनही अरोरा दिसला. अमेरिकेचं नशीब याबाबतीत आपल्यापेक्षा बरं, कारण पृथ्वीचा भूचुंबकीय ध्रुव कॅनडाच्या एल्समीर बेटाच्या बाजूला कललेला आहे. तेवढ्याच अक्षांशावर असूनही आपण त्या ध्रुवापासून जास्त लांब पडतो.

अशी वादळं मोजायची एक पट्टी आहे. तिला डीएसटी निर्देशांक म्हणतात. वादळात पृथ्वीभोवती फिरणारा एक विद्युतप्रवाह वाढतो आणि त्यामुळे विषुववृत्ताच्या पट्ट्यातलं चुंबकीय क्षेत्र थोडं क्षीण होतं. ते किती क्षीण झालं हे नॅनोटेस्लामध्ये मोजतात. मे महिन्यात हा आकडा उणे चारशेच्या आसपास गेला होता. दोन दशकांतलं ते सर्वांत मोठं वादळ.

इथपर्यंत सगळं माझ्या "नाही"च्या बाजूनं चाललं होतं. मग मी मागे गेलो आणि थेट कुलाब्याला पोहोचलो.

१ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग काढत बसला होता. त्याला तिथं अचानक एक लखलखाट दिसला. त्यानंतर एका दिवसाच्या आत पृथ्वीवर वादळ आलं. त्या वेळी मुंबईत कुलाबा वेधशाळेत माणसं चुंबकसूचीची नोंद हातानं करत होती. त्यांच्या कागदावर चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याचं दिसतं. 'कॅरिंग्टन वादळ' नेमकं किती मोठं होतं हे ठरवताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही कुलाब्याच्या त्या नोंदीकडे येतात. आपण ज्याला मुंबईचं टोक म्हणतो, तिथं कुणीतरी रात्रंदिवस जागून आकडे लिहीत होतं.

आणि मग १८७२. रविवार, ४ फेब्रुवारी. त्या रात्री मुंबईतून अरोरा दिसला.

मी ते दोनदा वाचलं. दोनच दिवसांनी मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात बातमी आली होती: संध्याकाळनंतर आकाशात रंग बदलत राहणारा फिकट प्रकाश, पहाटे तीनच्या सुमारास तो सर्वांत गडद आणि जांभळा, आणि समुद्राखालच्या केबलपासून सरकारी तारायंत्रांपर्यंत सगळीकडे गडबड. गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी जगभरच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांच्या अंदाजानं त्या रात्री डीएसटी उणे आठशेच्याही खाली गेला होता.

मुंबई आमच्या दक्षिणेला आहे. म्हणजे मुंबईतून दिसलं, तर ढग नसताना डहाणू-तलासरीतूनही दिसायलाच हवं. दीडशे वर्षांपूर्वी एका रात्री आमच्याच पाड्यांवरून कुणी अंगणात उठून आलं असेल, उत्तरेला बघितलं असेल, आणि त्याची नोंद कुठल्याच कागदावर झाली नसेल.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "काल मी चुकीचं उत्तर दिलं." मुलांना हे फार आवडतं. कुलाब्याची गोष्ट सांगितली. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून चुंबकाची मोजमापं बिघडतील हे ओळखून नानाभाई मूस यांनी ती कामं अलिबागला हलवली, १९०४पासून अलिबागची वेधशाळा ते काम करते, हेही सांगितलं. मग १८७२ सांगितलं.

ती मुलगी म्हणाली, "म्हणजे दिसत नाही असं नाही."

"हो. दिसत नाही असं नाही."

"मग कधी? आणि कुठून?"

फळ्यावर मी दोन रकाने आखले. 'कधी' आणि 'कुठून'. नॉर्वेला जाणाऱ्या लोकांसाठी हे दोन्ही रकाने टूर कंपनी भरून देते. आम्हाला ते स्वतःच भरायचे होते. पुढचे दोन महिने, शुक्रवारच्या शेवटच्या तासाला, आम्ही तेच करत होतो.

'कधी'चं पहिलं उत्तर होतं आकडा. मे महिन्यातलं उणे चारशे हानलेपर्यंत पोहोचलं, १८७२चं उणे आठशे मुंबईपर्यंत. म्हणजे आम्हाला मेच्या दुप्पट वादळ हवं. अशी वादळं फार दुर्मीळ. ती सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात शिखराच्या आसपास आणि नंतरच्या उतारावर यायची शक्यता जास्त असते. १८७२चं वादळही शिखर उलटून गेल्यावरच आलं होतं. शिवाय वर्षभरात मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्या सुमारास, वादळं थोडी जास्त होतात.

मग मुलांनी त्यात आमचं वर्ष घातलं. जून ते सप्टेंबर पाऊस, तो खोडला. मार्च चांगला, पण तेव्हा राब भाजायला सुरुवात होते, डोंगरभर धूर असतो. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा चांगला. डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ, पण पहाटे खाडीच्या बाजूला धुकं. पौर्णिमेचे आठ-दहा दिवस बाद. या सगळ्यातून जे उरलं ते फळ्यावर फारच थोडं दिसत होतं. एक मुलगा म्हणाला, "सर, हे लग्नाच्या मुहूर्तापेक्षा अवघड आहे."

'कुठून'साठी आम्ही भूमिती केली. अरोराचा हिरवा रंग ऑक्सिजनमुळे साधारण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर उमटतो. लाल रंगही ऑक्सिजनचाच, पण तो दोनशेच्या वर, चारशे किलोमीटरपर्यंत आणि मोठ्या वादळात त्याहीपलीकडे. एवढ्या लांबून आपल्याला फक्त वरचा लाल भाग दिसू शकतो. हिरव्याची आशा सोडायची. फळ्यावर पृथ्वीचं वर्तुळ काढलं, त्यावर चारशे किलोमीटर उंच रेघ उभी केली आणि आमच्या जागेवरून तिच्या टोकापर्यंत सरळ रेषा ओढली. हिशेब असा निघाला: आमच्या सरळ उत्तरेला, बत्तीस अंशांच्या पुढेमागे, म्हणजे इस्लामाबादच्या थोडं अलीकडे आकाश लाल झालं, तर आम्हाला ते क्षितिजापासून फक्त दहा अंश वर दिसेल.

दहा अंश म्हणजे हात ताठ करून मूठ आडवी धरली तर तिची उंची. ध्रुवतारा आमच्याकडे वीस अंशांवर असतो, म्हणजे दोन मुठी. मुलांना हे एकदम पटलं. ध्रुव शोधायचा, त्याच्या खाली एक मूठ सोडायची, आणि उरलेल्या मुठीत बघायचं. त्या आठवड्यात शाळेत जो तो हात ताठ करून झाडं, टाकी आणि मुख्याध्यापकांची खोली मोजत होता.

मग तीन जागा निघाल्या. पहिली बारड डोंगर, घोलवड-बोर्डीच्या मागचा, साधारण पंधराशे फुटांचा. तिथं बहरोटच्या गुहा आहेत. संजाणवर हल्ला झाल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी तिथं बारा वर्षं लपवून जपला, असं त्यांची परंपरा सांगते. जागा मला फार आवडली होती, पण रात्री जंगलात मुलांना नेणं शक्य नव्हतं, आणि हिशेब केला तर डोंगरावर चढून क्षितिज एका अंशानंही खाली जात नव्हतं.

दुसरी जागा बोर्डीचा किनारा. तिथं वायव्येला मोकळा समुद्र आहे. ओहोटीला पाणी खूप आत जातं, त्यामुळे वाळूवर चालत गेलं की गावाचे दिवे पाठीमागे राहतात. फक्त ओहोटीची वेळ जुळायला हवी, आणि भांगाच्या दिवसांत पाणी तेवढं आत जात नाही. हे मला एका मुलानं शिकवलं. त्याचे मामा झाईला मासेमारी करतात.

तिसरी जागा शाळेचं मैदान. ती यादीत आली, कारण आम्ही तिथंच होतो.

९ ऑक्टोबरला सकाळी सूर्यावर मोठा स्फोट झाला. अमेरिकेच्या अवकाश हवामान केंद्रानं दहा-अकरा तारखेसाठी तीव्र वादळाचा इशारा दिला. चंद्र अर्धा होता आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळणार होता. नवरात्रातली अष्टमी. दुपारी ढग, संध्याकाळी एक सर. अर्धा चंद्र म्हणजे भांग, हे मला आता कळत होतं. तरीही बोर्डी हीच चांगली जागा होती. मी ठरवलं, जेवण झालं की बाइक काढायची आणि जायचं.

दुपारी मी वर्गात हे सांगितलं. कुणी काही बोललं नाही. मग ती म्हणाली, "तुम्ही फोटो काढून आणाल ना सर?"

"आणेन की."

"बरं," ती म्हणाली. "लडाखचाही फोटोच होता."

ती रागावून बोलली नव्हती. तिनं फक्त नोंद केली होती. मी बाइक काढली नाही.

शाळेत राहायचं म्हणजे मैदानातला मोठा दिवा बंद करायला हवा होता. तो दिवा शाळेला सहज मिळालेला नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर पावसाळ्यात मण्यार निघते. दोन वर्षं अर्ज केल्यावर तो खांब उभा राहिला. शहरातल्या लोकांनी अंधाराबद्दल लिहिलेलं मी हल्ली बरंच वाचतो. अंधार जपायला हवा, दिवे कमी करायला हवेत. मला ते पटतं. पण आमच्या शाळेत कुणालाही 'दिवा बंद करा' म्हणताना माझी जीभ अडखळली. अधीक्षिका मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "चाळीस मिनिटं. सगळी पोरं ओट्यावर, एकही पाय गवतात नाही. बॅटरी प्रत्येक तिघांत एक. आणि मी स्वतः वाटेवर उभी राहीन."

साडेबारा वाजता दिवा गेला. गरब्याचा डीजे थोड्याच वेळापूर्वी थांबला होता. सुरुवातीला काहीच दिसेना, मग हळूहळू आकाश भरत गेलं. पूर्वेला ढगांत वीज चमकत होती, पण उत्तरेला बरंच मोकळं होतं. गुरू ठळक होता. कृत्तिका वर आल्या होत्या, मृग उगवत होता. शर्मिष्ठेवरून खाली येत मुलांनी ध्रुव शोधला. तीस-चाळीस हात एकदम ताठ झाले. दोन मुठी. बरोबर.

आणि खालच्या मुठीत उजेड होता. नारिंगी, न हलणारा, क्षितिजाला चिकटलेला.

वापी आमच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, तीसेक किलोमीटरवर. ईशान्येला सिल्वासा. हे मला ठाऊक होतं. रोज त्या दिशेनं माणसांनी भरलेल्या गाड्या जाताना बघतो. पण सगळा हिशेब मांडताना, डहाणूचं वीजकेंद्र आणि बोईसर दक्षिणेला आहेत म्हणून मी खूश होतो, आणि उत्तरेचा उजेड कागदावर घ्यायचाच राहिला होता.

"तो दादाच्या कंपनीचा उजेड," ती म्हणाली. "त्याची आज रात्रपाळी आहे."

मी मोबाइल विटांवर टेकवला आणि दहा-दहा सेकंदांचे फोटो काढायला लागलो. डोळ्यांना रात्री मंद लाल रंग फारसा कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. चौथ्या फोटोत नारिंगीच्या वर एक गुलाबी पट्टा आला. मुलं मोबाइलवर अक्षरशः कोसळली. कुणीतरी ओरडलं, "आलं!" एकानं लगेच विचारलं, "सर, पेपरात देणार?"

मलाही तो हवा होता, हे इथं कबूल करायला हवं. त्या क्षणी हानलेलाही आकाश लाल होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी गप्प बसलो असतो तर त्या चाळीस मुलांनी आयुष्यभर सांगितलं असतं की आम्ही शाळेतून अरोरा पाहिला. कुणाचं काय बिघडलं असतं?

मी मोबाइल उचलला, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि दक्षिणेकडे तोंड करून तेवढ्याच सेकंदांचा फोटो काढला. त्यातही तसाच गुलाबी पट्टा होता. पातळ ढगावर पडलेला खालचा उजेड आणि मोबाइलनं त्याला चढवलेला रंग. दोन्ही फोटो मी मुलांना शेजारी शेजारी दाखवले.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तीच म्हणाली, "म्हणजे नाही दिसलं."

"नाही दिसलं."

"पण आपण बघितलं."

एक वाजून दहा मिनिटांनी मॅडमनी दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी तिनं एका तक्त्यावर रकाने आखले आणि पहिली ओळ भरली. तारीख. ढग: पूर्वेला. ध्रुव: दोन मुठी. वापीचा उजेड: दीड मूठ. अरोरा: दिसला नाही. नंतर आकडा आला तो मी सांगितला, तिनं लिहिला: डीएसटी सुमारे उणे ३३०. तो उणे आठशेपासून बराच दूर होता. 'शेरा' या रकान्यात तिनं लिहिलं, 'शाळेतून होणार नाही. बोर्डीला जावे लागेल.'

हे तिचं उत्तर आहे, माझं नाही, आणि ते मोजून काढलेलं आहे. जूनमधलं माझं "नाही" आणि हे "नाही" एका शब्दाचे असले तरी एक नव्हेत. याच्या पुढे कुठं जायचं ते लिहिलेलं आहे.

त्यावरून एक व्यवहाराची अडचण पुढे आली. सूर्यावर स्फोट झाल्यावर कणांचा ढग पृथ्वीवर यायला एक ते तीन दिवस लागतात. वादळ खरंच मोठं आहे का, हे तर तो ढग पंधरा लाख किलोमीटरवरच्या यानांना लागून गेल्यावरच पक्कं कळतं. आपलं आदित्य एल-१ तिथंच आहे. तिथून पृथ्वीपर्यंत उरतो अर्धा-पाऊण तास. एवढ्या वेळात आश्रमशाळेतल्या मुलांना रात्री बाहेर न्यायची परवानगी मिळत नाही. पालकांच्या सह्या, गाडी, सोबत दोन शिक्षिका, वरिष्ठ कार्यालयाचं पत्र, सगळं आलं.

म्हणून आम्ही परवानगी आधीच मागून ठेवायचं ठरवलं. अर्ज मुलांनीच लिहिला. विषय: ध्रुवीय प्रकाश निरीक्षणासाठी बोर्डी समुद्रकिनारी रात्रीच्या अभ्यास सहलीस परवानगी मिळणेबाबत. कारण म्हणून १८५९ आणि १८७२ दोन्ही लिहिले. मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला. "हे होणार कधी?" त्यांनी विचारलं.

"सर, सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण झालं तर तेव्हा अर्ज करायला वेळ नसेल."

त्यांनी सही केली. पालकसभेत बहुतेक पालकांनीही केली, काहींनी अंगठा दिला. तिचा दादा सुट्टी काढून आला होता. त्यानं सही करताना मला हळूच विचारलं, त्या रात्री कंपनीच्या गच्चीवरून बघितलं तर चालेल का. मी म्हणालो, वापीतून नाही दिसणार. मग थांबलो आणि म्हणालो, उत्तरेला दिवे किती आहेत ते आधी मोजून सांग.

अर्ज माझ्या कपाटातल्या वरच्या फाइलमध्ये आहे. त्यावर सगळं भरलेलं आहे, फक्त दिनांकाची जागा कोरी आहे.